आंघोळीचं पाणी, गिझरवरचे तारे आणि आपली हरकत

मैत्रिणींनो, थंडी सुरू झाली की गटांच्या बैठकीत कर्जाची मागणी बदलते. बियाणं-खताचं मागे पडतं आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "गिझर घ्यायचा होता, पाच-सहा हजार मिळतील का?" या वर्षी तीन गटांत हा विषय निघाला. एका गटात एक ताई म्हणाल्या की आंघोळीचं पाणी म्हणजे काही उत्पन्नाचा धंदा नाही, त्याला कर्ज कशाला. त्यावर दुसऱ्या ताईंनी विचारलं, "पहाटे चारला उठून बंब पेटवते, तेवढ्या वेळात मी ब्लाउज शिवला असता की नाही?" वाद तिथेच मिटला, कर्ज मंजूर झालं.

पण त्यानंतर जो प्रश्न आला त्यावर मला पुरं उत्तर द्यायचं आहे, म्हणून हे अभ्यास पान. दुकानदार म्हणतो, पाच तारेवाला घ्या, हजार-बाराशे जास्त पडतील पण वीज वाचेल. हे तारे देतं कोण? कशावरून देतं? आणि देण्याआधी आपल्याला कुणी विचारतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. मसुदा आधी लोकांसमोर ठेवून हरकती-सूचना मागवायची पद्धत कायद्यातच आहे. फक्त ते विचारणं दिल्लीहून इंग्रजी-हिंदीत होतं आणि आपल्या गावापर्यंत येईस्तोवर मुदत संपलेली असते. आपण त्या मसुद्यावर बोलायचं ठरवलं तर काय बोलावं लागेल, हे समजायला आधी न्हाणीघरात जाऊ.

एका बादलीचा हिशेब

पाणी तापवायला किती ऊर्जा लागते हे निसर्गाने ठरवलेलं आहे, ते कुठल्या कंपनीच्या हातात नाही. एक युनिट विजेत ८६० लिटर पाणी एका अंशाने तापतं. हा एकच आकडा वहीत लिहून ठेवा, बाकी सगळं यातून निघतं.

थंडीत टाकीचं पाणी साधारण २० अंशाचं असतं. अंगाला सोसेल असं गरम म्हणजे ४२ अंश. म्हणजे २२ अंशांनी तापवायचं. बादली २० लिटरची. २० गुणिले २२ म्हणजे ४४०. ४४० भागिले ८६०, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षा किंचित जास्त. एक बादली, अर्धं युनिट. घरात पाच माणसं आणि सगळ्यांना पूर्ण बादली दिली तर रोज अडीच युनिट, महिन्याला ७५.

आता महावितरणचं बिल काढून बघा. घरगुती वापरात पहिल्या १०० युनिटला एक दर असतो आणि १०१ पासून पुढच्या युनिटांना बराच चढा दर. ज्या घराचं बिल ७०-८० युनिटचं आहे तिथे आंघोळीचे ७५ आले की निम्म्याहून जास्त युनिट वरच्या दरात जातात. म्हणून "गिझर घेतला आणि बिल दुप्पट झालं" असं जे आपण ऐकतो, त्यात गिझर खराब आहे असं नसतं. पाणीच तेवढं तापवलेलं असतं, आणि दराची पायरी ओलांडलेली असते.

गॅसवर तीच बादली तापवायला साधारण ६० ते ७० ग्रॅम गॅस जातो. रोज पाच बादल्या म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर निव्वळ आंघोळीत दीड महिन्याच्या आत संपेल. उज्ज्वलाचा गॅस घरात असूनही पाणी चुलीवरच का तापतं, याचं कोडं बाहेरच्या पाहुण्यांना पडतं. त्याचं उत्तर हे आहे.

आणि चूल? उघड्या तीन दगडांच्या चुलीत जळणाची फार थोडी उष्णता भांड्याला लागते, शंभरातली दहा-पंधरा टक्के. बाकीची भिंतीला, हवेला आणि आपल्या डोळ्यांना. एका बादलीला जवळजवळ किलोभर लाकूड. पाच बादल्यांना पाच किलो, रोज. पऱ्हाट्या-तुराट्या असतील तर भारा. ते सरपण विकत घेतलं तर पैसे दिसतात, डोक्यावरून आणलं तर दिसत नाहीत, एवढाच फरक. बंब त्यामानाने हुशार वस्तू. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी, म्हणून उष्णता कमी वाया जाते. आपल्या आज्यांच्या काळी बंबाला तारे देणारं कुणी नव्हतं, नाहीतर उघड्या चुलीपेक्षा दोन जास्त मिळाले असते.

वीजवाल्या साधनांत मात्र एक गंमत आहे. पाच हजारांचा गिझर असो की पाचशेचा रॉड, आत गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन पाण्यात उतरते. बादलीत रॉड टाकून लगेच आंघोळ केली तर तो गिझरपेक्षा जास्त वीज खात नाही. ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. रॉडची अडचण वेगळी आहे, ती जिवाची आहे. बटण बंद करून, पिन काढूनच पाण्यात बोट घालायचं. लोखंडी बादलीत रॉड टाकायचा नाही. आयएसआय छाप नसलेला रॉड आठवडी बाजारातून आणायचा नाही. पाणी तापवायच्या रॉडला आयएसआय छाप सक्तीचा आहे, तरी बिनछापाचे सर्रास विकले जातात.

मग सगळी विजेची साधनं सारखीच, तर तारे कशाचे?

तारे मोजतात तरी काय

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. त्याखाली २००२ मध्ये केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाच्या हाताखाली ऊर्जा दक्षता ब्युरो सुरू झाला, इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला बीईई म्हणतात. फ्रिज, एसी, पंखा, बल्ब यांवर जो ताऱ्यांचा कागद दिसतो तो याच ब्युरोचा. ताऱ्यांची योजना २००६ पासून आहे. काही वस्तूंना ती ऐच्छिक आहे, काहींना सक्तीची. टाकीचा विजेचा गिझर सक्तीच्या यादीत आहे, म्हणजे लेबल नसलेला विकताच येत नाही.

गिझरच्या लेबलवर टाकी किती लिटरची ते असतं आणि एक आकडा असतो, २४ तासांत इतके युनिट. आपल्या बायका तो वाचून म्हणतात, "एवढंच? मग हा दिवसाला अर्धाच युनिट खातो!" तसं नाही. तो आकडा पाणी तापवायचा नाही. पाणी तापवून ठेवलं, कुणी वापरलं नाही, गिझर चालूच आहे, तर २४ तासांत टाकीच्या भिंतीतून जी उष्णता गळते ती भरून काढायला लागणारी वीज म्हणजे तो आकडा. पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी जास्त गरम धरून ही चाचणी करतात. गळती कमी तर तारे जास्त. म्हणजे टाकीभोवतीचं फोमचं अस्तर किती चांगलं आहे याची ती परीक्षा आहे. थर्मासला जसे मार्क द्यावेत तसे.

उदाहरण घेऊ. समजा एकाच मापाचे दोन गिझर आहेत. एकाच्या लेबलवर ०.९ लिहिलंय, दुसऱ्यावर ०.५. दुसरा बाराशे रुपयांनी महाग. चोवीस तास गिझर चालू ठेवणाऱ्या घरात रोजचा फरक ०.४ युनिट, महिन्याचा १२ युनिट. युनिटला सगळं धरून सात-आठ रुपये पडले तर महिन्याला नव्वदच्या आसपास, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षात बाराशे फिटले. वाईट नाही.

पण आपल्याकडे चोवीस तास गिझर कोण चालू ठेवतं? सकाळी अर्धा तास लावतो, आंघोळी उरकतात, सासूबाई आठवणीने बटण बंद करतात. दोन किलोवॅटचा गिझर २५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला अर्धा तास घेतो आणि एक युनिट खातो, मग तो एक तारेवाला असो की पाच. त्या अर्ध्या तासात भिंतीतून गळतं ते नगण्य. अशा घरात ते बाराशे रुपये गिझर मोडीत जाईपर्यंत फिटायचे नाहीत, वर गटाचं व्याज वेगळं.

याचा अर्थ तारे फसवे आहेत असा कुणी काढू नका. ज्या वाडीवर वीज अवेळी येते तिथे तेच तारे फार कामाचे. रात्री वीज असताना पाणी तापवून ठेवायचं आणि सकाळी, वीज गेलेली असताना, वापरायचं, अशा घराला चांगलं अस्तर हवंच. घरात बाळंतीण आहे, म्हातारं माणूस आहे, दिवसभरात चारदा गरम पाणी लागतं, तिथेही हवं. म्हणजे एकाच लेबलचा अर्थ घर बघून बदलतो. लेबल करणाऱ्यांनी मात्र एकच घर डोळ्यांपुढे ठेवलेलं आहे, जिथे वीज जात नाही आणि गिझरचं बटण सहसा बंद होत नाही.

आणखी एक. सहा लिटरच्या खालचे, उभ्या उभ्या पाणी तापवणारे छोटे इन्स्टंट गिझर या टाकीच्या ताऱ्यांच्या यादीत येत नाहीत. आपल्या भागात तेच जास्त खपतात, कारण स्वस्त. ते तीन किलोवॅटचे असतात. जुन्या वायरिंगवर, सैल सॉकेटवर एवढा भार घातला की प्लग वितळतो. घ्यायचाच असेल तर आधी वायरमनकडून जाड वायर आणि १६ अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग तपासून, मग गिझर. (गॅसचा गिझर बंद न्हाणीत कधीही नको. वास न येणारा विषारी वायू साठतो आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतं. हे या लेखाच्या विषयात बसत नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.)

आणि माप. १५ लिटर पाणी ६० अंशाला तापवलं आणि २० अंशाच्या थंड पाण्यात मिसळलं की ४० अंशाचं ३० लिटर होतं. प्रत्यक्षात थोडं कमी, कारण गरम पाणी निघतं तसं थंड आत शिरतं. तरी दीड बादलीच्या जवळपास. एकामागून एक आंघोळी करणाऱ्या घराला २५ लिटरची टाकी लागतेच असं नाही. तारे बघायच्या आधी माप बघा, तिथे पैसे जास्त वाचतात.

मसुदा म्हणजे काय आणि हरकत म्हणजे काय

ताऱ्यांचे आकडे दगडावर कोरलेले नसतात. काही वर्षांनी ते कडक करतात, कारण तंत्र सुधारतं. एसीचे आकडे जुलै २०२२ मध्ये असेच बदलले, तेव्हा पाच तारेवाले कितीतरी एसी एका रात्रीत चार तारेवाले झाले. म्हणून लेबलवर साल बघायचं असतं. जुन्या सालचा पाच आणि नव्या सालचा पाच एक नाही.

बदल करताना ब्युरो आधी तज्ज्ञ, कंपन्या, चाचणी प्रयोगशाळा यांच्याशी चर्चा करतो, मग मसुदा तयार होतो. ऊर्जा संवर्धन कायद्यात असं आहे की ब्युरोने विनियम करायचे ते पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर. पूर्वप्रसिद्धी म्हणजे काय, ते १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २३ मध्ये सांगितलंय. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना कळावं म्हणून मसुदा प्रसिद्ध करायचा, तो अमुक तारखेला किंवा त्यानंतर विचारात घेऊ असं सांगायचं, आणि त्या तारखेआधी ज्या हरकती-सूचना येतील त्यांचा विचार करायचा. इंग्रजांच्या काळचं कलम, पण आजही याच्यावरच सगळं चालतं. २०१४ मध्ये केंद्र सरकारने आणखी एक धोरण ठरवलं, की कायदे-नियमांचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि सोप्या भाषेत त्याची टिपण द्यावी.

म्हणजे ही जवळजवळ ग्रामसभाच, फक्त देशाची आणि कागदावरची. आणि ग्रामसभेत होतं तेच इथे होतं, जो येतो त्याचं ऐकलं जातं. गिझर बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं या कामावर पगारी असतात, ती मुदत चुकवत नाहीत. असे तांत्रिक मसुदे जागतिक व्यापार संघटनेलाही कळवतात, म्हणजे परदेशातल्या कारखानदारालाही बोलायची संधी असते, आणि त्यासाठी साधारण ६० दिवसांचा रिवाज आहे. जिच्या न्हाणीत तो गिझर बसणार, जी तो लावते, बंद करते आणि सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर उरलेल्या कोमट पाण्यात स्वतः आंघोळ करते, तिचं पत्र त्या गठ्ठ्यात नसेल तर मसुदा तिच्याविना पुढे सरकतो. कुणी मुद्दाम डावललं असं म्हणता येणार नाही. पण तिचं घर कसं चालतं हे त्या टेबलावरच्या कुणाला माहीत असायचं कारणही नाही.

यात आपलं नुकसान कुठे आहे ते नीट समजून घ्या. आकडे कडक केले की सगळ्यात खालचे, म्हणजे स्वस्त गिझर बाजारातून जातात. ज्यांना परवडतं त्या महाग पण चांगला घेतात आणि वीज वाचवतात, देशाचा कोळसाही वाचतो. ते चांगलंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण जिला परवडत नाही ती जुन्या चार तारांच्या गिझरकडे जात नाही, ती बिनछापाच्या रॉडकडे जाते, नाहीतर परत चुलीकडे. कडक नियमाबरोबर तिच्यासाठी काहीतरी सोय हवी, मग ती छोट्या टाकीचा चांगला, स्वस्त गिझर असो, हप्त्याने असो की एकत्र खरेदीने असो. ही गोष्ट आपणच सांगू शकतो.

एक सावधगिरी. कुठल्या दारात कुठली हरकत द्यायची हे चुकलं की पत्र वाया जातं. ब्युरोला "वीज स्वस्त करा" लिहून उपयोग नाही, दर ते ठरवत नाहीत. दराचं काम महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचं. विद्युत कायदा २००३ प्रमाणे दरवाढीचा प्रस्ताव आला की त्याचीही जाहीर नोटीस निघते आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. ती नोटीस वर्तमानपत्रात येते, ग्राहक संघटना तिथे दर वेळी बोलतात, आपणही बोलू शकतो. व्होल्टेज कमी, डीपी जळली, तर महावितरण. आयएसआय छापाची फसवणूक, तर भारतीय मानक ब्युरो. ऊर्जा बचतीचं राज्यातलं काम महाऊर्जा बघते, मुख्यालय पुण्यात. आणि गिझरचं लेबल खोटं वाटलं, लेबलवर काय असावं-नसावं याबद्दल सांगायचं, तर बीईई.

पत्र कसं लिहायचं

मराठीत लिहिलं तर चालेल का, असं सगळ्या विचारतात. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणं दूर करण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. तेव्हा मराठीतच लिहा. खाली चार ओळी हिंदीत जोडल्या तर वाचणाऱ्याचं काम सोपं होईल, पण ते आपल्या मर्जीचं.

पत्रात भाषणं नकोत. "महिलांवर अन्याय होतो" हे खरं असलं तरी त्यावर अधिकारी काही करू शकत नाही. "आमच्या गटातल्या बारा घरांपैकी अकरा घरांत गिझर रोज पाऊण तासाहून कमी चालतो" यावर त्याला विचार करावा लागतो. आकडा आपला असला पाहिजे, मोजलेला, दुसऱ्याच्या पत्रातून उतरवलेला नाही. दहा गटांनी एकच छापील पत्र पाठवलं तर ते एकच पत्र धरलं जाण्याची भीती असते. दहा गटांनी दहा वेगळे आकडे पाठवले तर ती माहिती होते.

म्हणून आधी आठवडाभर मोजायचं. प्रत्येकीने वहीत रोज लिहायचं: पाणी कशावर तापवलं, किती वेळ, किती बादल्या, वीज गेली होती का, आणि शेवटची आंघोळ कुणाची व तेव्हा पाणी गरम होतं का. हे शेवटचं लिहायला लाजू नका. एका गटात आम्ही तोंडी विचारलं तेव्हा आधी सगळ्या हसल्या. मग एकेक करून सगळ्यांचं उत्तर तेच निघालं, "माझी, आणि नाही." विजेवर तापवत असाल तर आधी आणि नंतर मीटरचा आकडा घ्या, तेवढ्या वेळात घरातलं बाकीचं बंद ठेवून. मुलांना सांगा, त्यांना आवडतं ते काम.

त्यानंतर पत्र. नमुना खाली देते आहे. रिकाम्या जागा आपल्या वहीतून भरायच्या, जे आपल्याला लागू नाही ते गाळायचं.

*प्रति, महासंचालक, ऊर्जा दक्षता ब्युरो, चौथा मजला, सेवा भवन, आर. के. पुरम, नवी दिल्ली ११००६६.*

*विषय: घरगुती विद्युत गिझरच्या तारांकनाच्या मसुद्यावर सूचना (मसुद्याची तारीख व क्रमांक …).*

*आम्ही … गावच्या बचत गटाच्या … सदस्या आहोत. आम्ही … ते … या आठवड्यात आमच्या … घरांत पाणी तापवण्याची नोंद ठेवली. … घरांत चूल किंवा बंब, … घरांत रॉड, … घरांत गिझर आहे. गिझर असलेल्या घरांत तो रोज सरासरी … मिनिटे चालू असतो. आठवड्यात … दिवस सकाळी वीज नव्हती.*

*आमच्या सूचना अशा. लेबलवरचा आकडा २४ तास चालू असलेल्या गिझरचा आहे. त्यासोबत गिझर बंद केल्यावर आठ तासांनी पाणी किती अंश गरम राहतं तेही छापावं, म्हणजे आमच्या घराला त्याचा उपयोग होईल. एक बादली पाण्याला किती वीज लागते हे चित्राने आणि राज्याच्या भाषेत लिहावं. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, कॉइल … महिन्यांत खराब होते. जड पाण्यात गिझर किती टिकतो याची चाचणी आणि माहिती असावी. तारांकन कडक करताना लहान मापाचे, परवडणारे गिझर बाजारात राहतील असं बघावं. पत्राची पोच द्यावी ही विनंती.*

*सदस्यांची नावे व सह्या.*

जड पाण्याबद्दल थोडं सांगते, कारण ही सूचना आपल्या भागाची खास आहे. बोअरच्या पाण्यातला क्षार तापल्यावर कॉइलवर पांढऱ्या थराने बसतो. मग कॉइलची उष्णता पाण्यात लवकर जात नाही, कॉइल स्वतःच जास्त तापते आणि जळते. पाच तारांचा गिझर घेऊन दुसऱ्या वर्षी दुरुस्तीला आठशे रुपये गेले तर वाचवलेल्या विजेचं काय राहिलं? लेबलवर हे कुठेच दिसत नाही. तोवर आपल्या हातातला उपाय म्हणजे वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, मेकॅनिककडून टाकी आणि कॉइल साफ करून घेणं, आणि पाणी ६० अंशांच्या वर न तापवणं. जास्त तापवलं की क्षार जास्त बसतो.

रॉडला तारे द्या अशी मागणी काही मैत्रिणींनी सुचवली होती. मी ती नमुन्यात घातली नाही. वर बघितलं तसं, रॉडमध्ये विजेची बचत करण्यासारखं फार काही नाही, ताऱ्यांनी त्याची किंमत तेवढी वाढेल. रॉडबद्दल मागायचं ते बिनछापाची विक्री थांबवायचं, आणि ते दार वेगळं, मानक ब्युरोचं. कुणाला पटत नसेल तर बैठकीत मांडा. हा लेख म्हणजे ठराव नव्हे.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती गटाच्या फाईलला लावा. मसुद्यात ईमेल दिला असेल तर सीआरपी ताईंच्या मोबाईलवरून सह्यांच्या पानाचा फोटो जोडून तोही पाठवा, मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट न बघता. मसुदा सध्या खुला नसला तरी सूचना पाठवायला बंदी नाही. अशा वेळी विषयात "पुढील सुधारणेच्या वेळी विचारात घेण्यासाठी" असं लिहा. नवा मसुदा आलाय का हे दर महिन्याला बघायचं काम प्रभागसंघाच्या कार्यालयात मी करते आहे, आल्यास ग्रामसंघाच्या बैठकीत तारखेसकट कळवेन.

नोंदीच्या वह्या पुढच्या मासिक बैठकीला घेऊन या. ज्या गटाचे सगळे सात दिवस भरलेले असतील त्यांच्यापासून पत्र लिहायला सुरुवात करू, आणि एकदा गोळा झालेल्या आकड्यांची बेरीज पुढच्या अंकात छापू. चुलीवर तापवणाऱ्या घरांनीही वही आणायची आहे. त्यांच्या आकड्यांशिवाय "गिझर परवडत नाही" या वाक्याला आधार राहणार नाही.